एका कंप्युटरात तीन चुली

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथी झाली आणि माझी शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ बहुतेक पाचवीत शिकवत असावेत. जिथे वेलांटी चुकली असेल तिथे वाचणाऱ्याने मनातल्या मनात सुधारून घ्यावी आणि मला सांगायला येऊ नये. कुणी चूक दाखवली की माझे कान तापतात आणि दिवसभर काही सुचत नाही.

तसं हे कुणी वाचणार नाहीच. ब्लाउजची मापं आखून झालेले कागद साठले आहेत, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिते आहे. लिहायचं कारण एवढंच की दर गणपतीला आमच्या पडवीत ही गोष्ट निघते. पुतण्या सांगतो तेव्हा सगळं त्याने सोडवलेलं असतं. मास्तर सांगतात तेव्हा मास्तरांनी. जावई काही सांगत नाहीत, नुसते हसतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं यांनीच सोडवलं. आणि सगळ्यांच्या गोष्टीत माझ्या वाट्याला एकच वाक्य येतं, "काकी आपली गप्प उभी." हे खोटं आहे. मी बोलले होते. एकदा नाही, दोनदा.

पण आधी माझ्या थोरल्या जावेच्या दातांचं सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावर अडलं होतं.

थोरली जाऊ म्हणजे आमच्या घराचा आवाज. मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या वाटचंही तीच बोलते. एसटीत कंडक्टरला माझा आवाज ऐकू जात नाही म्हणून माझं तिकीटसुद्धा ती काढायची. थोरले दीर गेले, एकुलती लेक आरोंद्याला दिली, तरी आवाज तसाच. दात मात्र गेले. पुढे जे राहिले होते ते कुंपणाच्या मोडक्या खुंटांसारखे, एक इथे, एक तिथे. कुडाळला जाऊन कवळी बसवायची म्हणून तिने काजूच्या बिया विकून विकून पैसे जमवले होते. बिस्किटांच्या डब्यात ठेवायची.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-बीडिंग, शाळेचे गणवेश. कुणाला भरतकाम हवं असलं की ते मालवणच्या बाजारात जायचं. अशात कुणीतरी कोल्हापूरच्या एका जुन्या भरतकामाच्या मशीनचा फोटो माझ्या मोबाइलवर पाठवला. कंप्युटरवर चित्र करायचं, पेनड्राइव्हमध्ये घालायचं, पेनड्राइव्ह मशीनला लावायचा, की मशीन आपोआप भरते. मी कुणाला काही बोलले नाही. नुसता फोटो उघडून बघायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. जावेने ते बघितलं.

"घेऊन टाक," ती म्हणाली.

"पैसे?"

"माझ्या दातांचे आसत. घे ते. पयली मोठी ऑर्डर झाली की माझे माका दी."

मी म्हटलं, "आणि तोपर्यंत तुम्ही खाणार काय? नाहीतर दातांना जावई देतील की पैसे. मागा तरी."

"शाणी मगे!" ती ओरडली. "जावयाच्या पैशांचे दात लावन जावयाकच हसान दाखवू?"

मुलीच्या घरचं पाणीसुद्धा विचार करून पिणारी बाई ती. विषय संपला. मशीन घाट उतरून फोंडाघाटच्या बाजारापर्यंत ट्रकने आली, तिथून टेंपोने घरी. त्या दिवसापासून जाऊ रोज भाकरी आमटीत बुडवून, मऊ करून खायची, आणि मला तिच्याकडे बघवायचं नाही. तिला मात्र त्यातही गंमत सापडली. मशीन सुरू झाली की शेजारणीला सांगायची, "ऐक गो, माझे दात कडकड करतत."

कंप्युटर आणला तो मधल्या दिरांच्या मुलाने. तो मुंबईला नोकरी करतो. त्याच्या ऑफिसने टाकून दिलेला कंप्युटर गणपतीच्या सामानाबरोबर घेऊन आला आणि त्यात त्याने लिनक्स घातलं. "काकी, ह्येका पैसे पडणत नाय," असं म्हणाला, म्हणून मला ते लगेच आवडलं. त्याने सगळं मराठीतही करून दिलं. ती मराठी अशी होती की पंचायतीच्या नोटिशीची आठवण यावी, पण अक्षरं तरी ओळखीची होती.

चित्र काढायचा एक प्रोग्रॅम त्याने घातला. पण त्या प्रोग्रॅमला टाके ठाऊक नसतात. शिलाई मशीनला काजं करायची असली की वेगळा पाय लावतात, तसा त्याला टाक्यांसाठी एक छोटा जोडप्रोग्रॅम लावावा लागतो. त्याला प्लगिन म्हणतात. तोही त्याने घातला आणि मला समोर बसवून म्हणाला, "काकी, ह्याच्यात एक पॅकेज मॅनेजर आसा. तो म्हणजे आपली मोठी काकी समज. कोठीची चावी तेच्याकडे. काय व्हया ता तेच्याकडे मागायचा. तो आणतलो, तो मांडतलो, जुना झाला की तोच बदलतलो. भायरसून कोणी काय आणून दिला तर घेव नको."

हे मला चांगलं समजलं. सासूबाई गेल्यावर कोठीची चावी थोरल्या जावेकडे आली, तेव्हापासून घरात किती नारळ आहेत ते तिला न मोजता ठाऊक असतं. पण मी मागच्या दाराने तेलाची बाटली आणली तर ती तिला कुठून कळणार?

मॅनेजरकडे काही मागायचं तर तो आधी पासवर्ड विचारतो. पुतण्या म्हणाला, "काकी, तू जा कधीच विसरूचस नाय, ता घाल," आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं. मी जे कधीच विसरणार नाही, असं एकच नाव आहे. आमच्या ह्यांचं. होडीवर इंग्रजीत रंगवलेलं आहे, त्यामुळे अक्षरं पाठ होती. पण ते नाव मी तोंडाने कधी घेतलेलं नाही. आताच्या सुना नवऱ्याला नावाने हाक मारतात. ऐकायला बरं वाटतं, पण माझी जीभ वळत नाही. मी इकडेतिकडे बघून एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. मला वाटलं बटणं बिघडली. पुतण्या भिंतीकडे बघतच म्हणाला, "दिसणा नाय तसाच आसता ता." नवऱ्याचं नाव घ्यावं आणि ते कुणाला दिसू नये, ऐकू येऊ नये, इतकी सोयीची जागा मला जन्मात मिळाली नव्हती. मी खूश झाले. पुढचं सगळं त्या खुशीतून झालं.

दिवाळीनंतर मास्तर आले. बाजारात त्यांचा कंप्युटरचा क्लास आहे. बायकोचे ब्लाउज न्यायला आले आणि कंप्युटर बघून खुर्चीत बसलेच. इकडे दाबलं, तिकडे दाबलं, चक् चक् केलं.

"वहिनी, हे प्लगिन फार जुनं आहे. यात मराठी अक्षरं नीट भरता येणार नाहीत. नवं घालून देतो. पासवर्ड सांगा."

ते खुर्चीत, बोटं बटणांवर, मान माझ्याकडे वळवलेली. आता मी काय सांगणार? खरं म्हणजे "तुम्ही उठा, मी घालते," एवढंच म्हणायचं होतं. पण मास्तरांना खुर्चीवरून ऊठ कसं म्हणायचं? मी म्हटलं, "आठवत नाही."

"हरकत नाही," मास्तर म्हणाले. "पासवर्डशिवायही जमतं. मॅनेजरला विचारायचंच नाही. तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवून देतो, प्रोग्रॅम तिथेही बघतो." त्यांनी इंटरनेटवरून नवा प्लगिन उतरवला आणि कुठल्याशा लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवला. जुना काढायला पासवर्ड लागत होता, म्हणून तो तसाच राहिला. मागच्या दाराने तेलाची बाटली आली. मी चहा केला.

मे महिन्यात जावई आले, जावेच्या लेकीचे यजमान. आरोंद्याचे, गोव्याला कुठल्या कंपनीत कंप्युटरचंच काम करतात. जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "काकी, मशीन कशी चलता?" आणि खुर्चीत बसले. टाक्यांच्या यादीत सगळं दोनदोनदा दिसत होतं. ते म्हणाले, "ह्यां कितें? दोन दोन?" मी पदराशी चाळा करत उभी. आमच्याकडे कुणी आपुलकीने काही करून दिलं तर, हे आधी दुसऱ्याने केलंय, असं सांगत नाहीत. गणपतीत दहा घरी फिरलं तर दहा घरी चहा प्यावा लागतो. "आताच घेतला" म्हणणारा माणूस तुसडा. मी गप्प राहिले. मग त्यांनीही पासवर्ड विचारला. मास्तरांना खुर्चीवरून उठवलं नाही ती मी, जावयाला उठवणार?

"राहू द्या, आठवत नसेल तर," जावई म्हणाले. फार समजूतदार माणूस. त्यांनी चित्राचा सगळा प्रोग्रॅमच पुन्हा नवा आणला, प्लगिनसकट, एका बंद डब्यातल्यासारखा. "ह्याचो बाकीच्यांशी काय संबंध नाय, काकी. ह्याचा ह्याच्यातच." त्या डब्याचं चित्र त्यांनी पडद्यावर ठेवलं आणि आंबे घेऊन गेले.

म्हणजे आता एका घरात तीन चुली झाल्या. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले की छप्पर एकच राहतं आणि आत चुली वेगळ्या पेटतात. या चुलीला त्या चुलीचं मीठ माहीत नसतं. माणसांच्या घरात धूर कुठून येतो ते तरी दिसतं. कंप्युटरात धूर दिसत नाही.

सुरुवातीला काही बिघडलं नाही, कारण मी मोठं काम केलंच नव्हतं. रुमालावर नाव, झबल्यावर फूल. जावयांच्या डब्यातून पेनड्राइव्ह दिसत नसे, म्हणून मी काम आधी कंप्युटरातच ठेवायची आणि मग उचलून पेनड्राइव्हमध्ये टाकायची. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं.

मग पाऊस जरा ओसरल्यावर बुवा आले. भजनाचे बुवा. पट्टी इतकी वरची की त्यांनी साधी हाक मारली तरी मांगरात, म्हणजे परसातल्या खोपीत, निजलेली मांजर पळते. गणपतीत त्यांच्या मंडळाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, होता, समोरचा बुवा तगडा होता, आणि त्याच्या मंडळाने म्हणे नवे कुडते शिवले होते.

"आमका जाकिटा होयी," बुवा म्हणाले. "पाठीर मृदुंग. एवढो मोठो. समोरच्या बुवान आमची पाठ बघूनच घाम पुसाक होयो."

सगळ्या मंडळाची जाकिटं. मी हिशेब केला आणि माझे कान तापले, पण या खेपेला आनंदाने. जावेचे सगळे पैसे त्यात फिटत होते. जाऊ दारातून ओरडली, "बुवानु, कडक बुंदीचे लाडू खातलंय मी तुमच्या डबलबारीक!"

पडद्यावरच्या, जावयांच्या डब्याच्या चित्रावर टिचकी मारून मी प्रोग्रॅम उघडला आणि मृदुंग केला. दोऱ्या, मधली काळी शाई, कडा, सगळं. एक नमुना भरून दिला. बुवा खूश. फक्त म्हणाले, दोरी जरा ठळक कर. मी दुसऱ्या दिवशी तेवढंच करायला बसले. या वेळी पडद्यावरचं चित्र न दाबता मृदुंगाच्या फाइलीवरच दोनदा टिचकी मारली. उघडलं. दोरी ठळक केली. यादीतलं वरचं नाव दाबलं, टाके घातले, जाकीट रिंगमध्ये ताणून बसवलं आणि मशीन लावून भात बघायला गेले.

परत आले तेव्हा जाकिटावर फणस होता.

मी खोटं लिहीत नाही. लांबट, फुगीर, वरून खालपर्यंत काटे. दोऱ्या कुठे नाहीत, शाई कुठे नाही. मी दोरा बदलून पुन्हा भरलं. पुन्हा फणस. तेवढ्यात बुवा आले, त्यांनी जाकीट उचलून उजेडात धरलं, आणि उलटसुलट करून बघितलं.

"ह्यो कापो की बरको?" त्यांनी विचारलं.

मी रडायच्या बेतात. जाऊ म्हणाली, "बुवानु, जाकिटार नाय तर पोटात तरी घालशात. चाय घेवा."

बुवा चहा प्यायले, पण जाताना सांगून गेले. उद्या संध्याकाळपर्यंत एक नमुना नीट दाखवायचा, नाहीतर ते कापड घेऊन कुडाळला जाणार. त्यांचाही इलाज नव्हता. गणपती तोंडावर आले होते. ते गेले, आणि जावेने भाकरी आमटीत बुडवली. काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला भीती वाटते.

मी पुतण्याला फोन लावला. त्याच दिवशी रात्रीच्या गाडीने तो गणपतीसाठी निघणार होता. त्याने फोनवरून सांगितलं तसं मी करत गेले. मॅनेजर उघडला, ह्यांचं नाव मुकाट्याने दाबलं, प्लगिन काढून टाकायला सांगितलं.

"गेला?" पुतण्याने विचारलं.

"गेला म्हणतोय."

"आता प्रोग्रॅम उघड. टाक्यांची यादी दिसूक नको."

"दिसते."

"कशी दिसात? काढलंस मा तू?"

"काढलं. पण दिसते."

पुतण्याने परत बघायला लावलं; यादी होतीच. मग म्हणाला, "भूत आसा काय?" आणि त्याने मला तो पुन्हा घालायला सांगितलं, बाकी घरी येऊन बघतो म्हणाला.

त्याने सहज म्हटलं होतं. पण जावेचा कान फोनजवळच होता. भूत म्हटल्यावर ती उठलीच. नारळ घेतला, कंप्युटरपुढे ठेवला, पदर खोचला. आमच्याकडे नवं काम काढताना किंवा काही अडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. ते काम पुरुषांचं, पण आमचे हे पडवीच्या पायरीवर जाळं विणत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.

"बा देवा म्हाराजा!" जावेने सुरू केलं. "ह्या घरात जी पेटी बसली आसा, तिच्यात कोणाची वायट नजर, आडवाटेन शिरलेला, चुकान रवलेला काय आसात, ता भायर काढ आणि ह्या बायचा काम रांकेक लाव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," मी म्हटलं.

"जोरान! देवाक ऐकाक येवक नको?"

"होय म्हाराजा."

"आणि जमला तर माझ्या दातांचा पण बघ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हे मात्र मी असं ओरडले की पायरीवर जाळ्याची सुई थांबली.

देवाने लगेच काही केलं नाही. मग जावेने फोन हातात घेतला. तिला खरं तर फोन लागतच नाही, नुसतं अंगणात उभं राहिलं तरी पुरतं. ज्याला ज्याला कंप्युटरचं कळतं अशा सगळ्यांना तिने दुसऱ्या दिवशी बोलावलं. कुणी काय करून ठेवलंय ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या उतरला. पाठोपाठ मास्तर आले. बायकोला माहेरी सोडायला जावई येणारच होते, तेही आले. खुर्ची एकच. ती अर्थात जावयांना. त्यांच्या उजवीकडे मास्तर, डावीकडे पुतण्या. मी दाराच्या चौकटीला धरून. आणि थोड्या वेळाने बुवा फणसाचं जाकीट खांद्यावर टाकून आले.

"कोणी तरी ह्येच्यात भायरचा काय तरी घातलेला आसा," पुतण्या म्हणाला. "मी तर कोठीतून घातलेलंय."

"शक्य आहे," मास्तर पडद्याकडे बघत म्हणाले. "जुन्या व्हर्जनचाच घोळ असणार."

"प्रोग्रॅमच दोन दिसतात," जावई म्हणाले. "एक तर माझो."

तिघेही एकमेकांकडे बघेनात. तिघांनाही संशय होता, पण समोरच्याला दुखवायचं नव्हतं. असेच बसले असते तर गणपती येऊन विसर्जन झालं असतं. बुवांनी जाकीट खांद्यावरून काढून घडी घालायला घेतलं. जाऊ दाराशी उभी होती, तिने आपले ओठ आत ओढले, दात नसलेली माणसं ओढतात तसे.

तेव्हा मी बोलले.

"तिघांनीही घातलाय," मी म्हटलं. "मागच्या गणपतीत ह्या पोराने घातला. दिवाळीनंतर मास्तरांनी दुसरा घातला. मे महिन्यात जावयांनी डबाच आणला. पडद्यावरच्या चित्रावरून उघडलं की जावयांचं उघडतं, तेव्हा मृदुंग येतो. फाइलीवरून उघडलं की दुसरंच काहीतरी उघडतं, त्यात यादी दोनदा दिसते. तेव्हा फणस येतो."

एवढं मी लग्नानंतर एका दमात कधी बोलले नव्हते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बुवा म्हणाले, "बायचो आवाज बरो आसा. मंडळात घेवक हरकत नाय."

मग मात्र तिघांची जीभ सुटली. पुतण्या म्हणाला, मॅनेजरला न विचारता घातलेलं त्याला दिसतच नाही, म्हणून तर काढलं तरी गेलं नाही. मास्तर म्हणाले, तुमच्या कोठीत माल शिळा आहे त्याला मी काय करू? जावई म्हणाले, दोघांच्या भांडणात पडायला नको म्हणूनच मी बंद डबा आणला. पुतण्याचं म्हणणं, डब्यामुळे तर भांडण लागलं. वडिलोपार्जित जमिनीची हद्द ठरवताना होतात तसे आवाज चढले. फक्त हद्दीचा दगड दिसत नव्हता.

"मेल्यानु, एक चूल ठेवा आणि बाकीच्या विझवा!" जाऊ गरजली. मग तिला आठवलं की एक चूल जावयांची आहे. ती मऊ झाली. "जावयबापूंची ठेवा."

यावर पुतण्या आणि मास्तर दोघेही पटकन "हो हो" म्हणाले. मनात काही असलं तरी जावयाचं घातलेलं त्याच्या तोंडावर काढायचं कुणी? जावयांनी संकोचून आपला डबा उघडला, मृदुंग उघडला. उत्तम मृदुंग. सगळ्यांनी माना डोलावल्या. बुवांनी खिशातून मंडळाचा पेनड्राइव्ह काढून दिला, त्यावर त्यांना मृदुंग हवा होता. जावयांनी तो लावला. शोधला. पुन्हा शोधला. डबा बंद, त्याला बाहेरचं काही दिसत नव्हतं.

"त्याला परवानगी द्यायला लागते," जावई हळूच म्हणाले.

"म्हणजे जावयबापूंका आमचो पेनड्राइव्ह चलना नाय?" बुवांनी त्यांच्या वरच्या पट्टीत विचारलं.

मास्तर छपराकडे बघायला लागले. आणि जावईच आधी हसले. "माझांच काढा," ते म्हणाले. मला त्या माणसाबद्दल इतका आदर कधी वाटला नव्हता. त्यांनी स्वतःच्या हाताने आपला डबा काढून टाकला. त्याला पासवर्ड लागला नाही.

उरल्या दोन. चित्राचा प्रोग्रॅम पुतण्याचा ठेवायचा, कारण तो कोठीतला. प्लगिन मास्तरांचा, कारण तो नवा. मास्तरांनी तो तिथल्या तिथे अजून ताजा करून दिला. पुतण्याचा जुना प्लगिन मॅनेजरकडून काढून घ्यायचा. आणि मॅनेजरला बजावायचं की चित्राचा हा प्रोग्रॅम आहे तसाच ठेव, आम्ही सांगेपर्यंत बदलू नकोस, नाहीतर तो पुढे जाईल आणि मास्तरांचा प्लगिन मागे राहील.

"म्हणजे चूल पुतण्याची आणि मसालो मास्तरांचो," जाऊ म्हणाली. तिला सगळं कळलं होतं.

जावयांनी मॅनेजर उघडला. मॅनेजरने पासवर्ड विचारला. जावई बटणांवर बोटं ठेवून माझ्याकडे वळले. मास्तर वळले. पुतण्या वळला. बुवा वळले.

"सांग मगे," जाऊ म्हणाली.

मी पदर तोंडाला लावला.

"आठवत नाही म्हणाल्या होत्या त्या," मास्तर म्हणाले.

"माका पण," जावई म्हणाले.

"काल तर घातलंस, माझ्याबरोबर फोनार!" पुतण्या म्हणाला.

पायरीवर आमचे हे पाठ करून जाळं विणत होते. जावेने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्या पाठीकडे बघितलं, आणि तिचं तोंड हळूहळू उघडलं. आत ते चारदोन खुंट. "गो बाये," ती म्हणाली, "नाव घेवचा आसा तर उखाण्यात घे. त्येका कोण हसाचा नाय."

बुवांनी तेवढ्यात मांडीवर हलका ताल धरला. मी डोळे मिटले आणि लग्नातसुद्धा नीट न घेतलेलं नाव घेतलं:

"मृदुंगाच्या जाकिटाला टाके घालते दाट,
…रावांचं नाव घेते, पासवर्डाची पाहतात सारे वाट."

मधलं नाव मी तिथे घेतलं. इथे लिहीत नाही. तिथे गरज होती.

जावयांनी ते दाबलं, फक्त राव सोडून. मॅनेजरने ऐकलं. पुतण्या आणि मास्तर तोंड फिरवून हसत होते, जाऊ उघड हसत होती. पायरीवर जाळ्याची सुई थांबली होती. ह्यांनी मागे वळून बघितलं नाही, पण त्यांचे कान मला दिसत होते. तापले होते. मला वाटायचं, ही सवय माझी एकटीचीच आहे.

संध्याकाळी बुवांसमोर मशीन लावली. सगळे रिंगभोवती वाकून उभे. आधी कडा आली, मग शाई, मग दोऱ्या, ठळक. मृदुंगच होता. बुवांनी जाकीट घातलं, पाठ आमच्याकडे केली आणि म्हणाले, "पुसा घाम." जावयांना रात्री एक घावन जास्त वाढलं. पुतण्या म्हणाला, मला का नाही? जाऊ म्हणाली, "तुझी चूल रवली मा? मगे गप."

चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत मशीन चालू होती. डबलबारी कोण जिंकलं यावर दोन्ही गावांत अजून वाद आहे. समोरच्या बुवाने घाम पुसला एवढं मात्र सगळे मान्य करतात; उकाडाही होता.

गौरी गेल्यावर बुवा पैसे घेऊन आले. मी ते तसेच उचलून जावेच्या चुलीपाशी नेले आणि तिचे तिच्या पुढ्यात ठेवले. म्हटलं, "सगळे आहेत."

तिने बोट जिभेला लावून एकेक नोट मोजली. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा मारेल. तिने पुन्हा एकदा मोजली, बिस्किटांच्या डब्यात घालून झाकण लावलं, आणि मग वाडगा पुढे ओढला. भाकरी आमटीत बुडवत म्हणाली, "ही शेवटची. उद्या कुडाळाक जावचा. गाडी कधी ती इचार, आणि माझा पण तिकीट तूच काढ. आता आवाज आसा तुका."